माशांच्या नवजात पिल्लांसाठी जिवंत खाद्य: सुरुवात नेमकी कशाने करावी?

संथपाणी (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडच्या हनी गुरामी माशांच्या जोडीने गेल्या चार महिन्यांत तीन वेळा बुडबुड्यांचे घरटे करून अंडी घातली आणि तिन्ही वेळा पिल्ले पोहू लागल्यानंतर आठवड्याच्या आत संपली. अंड्यांना बुरशी लागते असे नाही. ती साधारण दीड दिवसात फुटतात, पिल्ले आणखी दोन-तीन दिवस घरट्याखाली लटकून राहतात, मग आडवी होऊन पोहू लागतात. तोपर्यंत सारे सुरळीत असते आणि त्याच सुमारास मी नराला वेगळे करतो. त्यानंतर मात्र रोज सकाळी पिल्ले आदल्या दिवशीपेक्षा कमी दिसतात. मेलेली पिल्लेही फारशी सापडत नाहीत, कारण ती इतकी बारीक असतात की विरघळूनच जात असावीत.

पहिल्या खेपेला मी पिल्लांसाठी मिळणारी बारीक पूड आणि उकडलेल्या अंड्याचा बलक पाण्यात कालवून दिला. दुसऱ्याच दिवशी पाणी दुधाळ झाले. दुसऱ्या खेपेला मोठ्या उत्साहाने आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला, कोळंबीच्या जातकुळीतला सूक्ष्म जीव) अंड्यांतून उबवला. तो उत्तम फुटला, टाकीभर केशरी ठिपके नाचत होते, पण भिंगातून पाहिले तर एकाही पिल्लाचे पोट केशरी दिसले नाही. तिसऱ्या खेपेला मायक्रोवर्म (धाग्यासारखे बारीक कृमी) दिले. ते थोड्या वेळातच तळाशी गेले आणि पिल्ले पृष्ठभागालगत तरंगत राहिली.

टाकी 30 लिटरची आहे, पिल्लांच्या काळात पाणी 15 सेंटिमीटर उंच ठेवतो, हवेवर चालणारा स्पंज फिल्टर मंद ठेवलेला असतो आणि तापमान 27 अंश सेल्सिअस आहे. अमोनिया मोजला तेव्हा पहिल्या खेपेखेरीज तो शून्य होता.

माझा प्रश्न असा की पहिल्या दिवसापासून नेमके कोणते जिवंत खाद्य द्यावे आणि त्यावरून आर्टेमियाकडे केव्हा वळावे? पुढे बेट्टा (लढाऊ मासा) याची जोडीही लावायचा विचार आहे, तेव्हा दोन्ही कामांना चालेल असे काही असल्यास बरे, कारण पाच प्रकारच्या बरण्या सांभाळण्याइतकी जागा माझ्याकडे नाही आणि घरच्यांची तेवढी सहनशक्तीही नाही.

काचपेटी

तुमच्या तीन अपयशांतच तुमचे उत्तर आहे, कारण प्रत्येक खेपेला वेगळ्या कारणाने पिल्ले उपाशी राहिली. पूड निर्जीव होती; ती हलत नव्हती म्हणून पिल्लांनी तिच्याकडे पाहिले नाही आणि ती पाण्यात कुजली. आर्टेमिया जिवंत होता, योग्य जागीही होता, पण पिल्लांच्या तोंडात मावला नाही. मायक्रोवर्म तोंडात मावला असता, पण तो पिल्ले होती तिथे थांबला नाही. म्हणून एखादे जिवंत खाद्य ‘चांगले’ की ‘वाईट’ हा प्रश्न बाजूला ठेवून ते तोंडात मावते का, पिल्लाच्या पातळीवर राहते का आणि खाल्ले जाईपर्यंत तिथे जिवंत राहते का, एवढेच पाहावे. एका जातीच्या पिल्लांना उत्तम ठरलेले खाद्य दुसऱ्या जातीला का निरुपयोगी ठरते, हेही त्यातून कळते.

थोडा मापांचा हिशेब करू. नुकताच फुटलेला आर्टेमिया सुमारे 0.4 ते 0.5 मिलिमीटर लांब असतो आणि त्याचे अंग कडक, हातपाय पसरलेले असतात. गप्पी, मॉली यांची पिल्ले जन्मतःच तो सहज गिळतात. एंजल आणि गोल्डफिशची पिल्लेही पोहू लागताच तो खातात. हनी गुरामी, ड्वार्फ गुरामी यांची पिल्ले मात्र एवढी लहान असतात की पहिला आठवडाभर तो त्यांच्यासमोरून जात राहतो आणि ती बघत राहतात. त्यांना पॅरामेशियमसारखे एकपेशीय जीव लागतात. पॅरामेशियमची मोठी जातही 0.3 मिलिमीटरच्या आसपासच थांबते, ती मऊ आणि निमुळती असते, पाण्याच्या सर्व थरांत संथपणे फिरते आणि गोड्या पाण्यातली असल्यामुळे टाकीत मरत नाही. तिन्ही कसोट्यांवर ती उतरते.

इथे एक सावधगिरी सांगतो, कारण माझा पहिला वर्षभराचा वेळ याच गैरसमजात गेला. ‘इन्फ्युसोरिया’ हे एका जिवाचे नाव नाही. बरणीत वाळके पान किंवा भाजीचा तुकडा टाकून जे तयार होते ते जीवाणू, चाबकासारख्या शेपटीने पोहणारे कशाभिकाधारी जीव, पॅरामेशियम, रोटिफर (सूक्ष्म बहुपेशीय जीव) अशा अनेकांचे मिश्रण असते आणि त्यातले कोण केव्हा बहरेल हे आपल्या हाती नसते. पहिले काही दिवस पाणी गढूळ होऊन वास येतो, तेव्हा त्यात बहुतांश जीवाणू असतात. अनेक जण नेमके याच अवस्थेतले पाणी पिल्लांच्या टाकीत ओततात, म्हणजे खाद्य देण्याऐवजी घाण देतात. पाणी पुन्हा निवळू लागते आणि उजेडासमोर धरल्यावर धुळीसारखे पांढुरके कण आपापल्या दिशेने सरकताना दिसतात, तेव्हाच ते उपयोगाचे. त्यापेक्षा कोणाकडून तरी पॅरामेशियमचे शुद्ध विरजण मिळवावे. क्लोरीन गेलेल्या पाण्यात गव्हाचे तीन-चार उकडलेले दाणे आणि यीस्टचे मोजके कण टाकून ते आठवडा-दीड आठवड्यात दाट करता येते. दर दोन-तीन आठवड्यांनी थोडे जुने पाणी नव्या बरणीत घालून वंश पुढे चालू ठेवावा आणि एक बरणी नेहमी राखीव असावी.

बरणीतले पाणी जसेच्या तसे टाकीत घालू नये. लांब मानेची बाटली घ्यावी, त्यात विरजणाचे पाणी मानेच्या तळापर्यंत भरावे, मानेत फिल्टरच्या कापसाचा सैल बोळा बसवावा आणि वर हलक्या हाताने स्वच्छ पाणी ओतावे. खाली प्राणवायू कमी असतो, वर जास्त. त्यामुळे काही तासांत पॅरामेशियम कापसातून वर येतो आणि घाण खाली राहते. वरचे पाणी पिपेटने काढून दिवसातून तीन-चार वेळा द्यावे.

दुसरी गोष्ट खाद्याच्या दाटपणाची. या वयाची पिल्ले खाद्याचा पाठलाग करत नाहीत. डोळ्यांसमोर, अगदी जवळ आलेला कण ती टिपतात. 30 लिटरच्या टाकीत तुम्ही कपभर पॅरामेशियम ओतला तरी प्रत्येक पिल्लाच्या वाट्याला फारसे काही येत नाही. पाण्याची उंची आणखी कमी करून 8 ते 10 सेंटिमीटरवर आणावी, आणि शक्य असल्यास अंडी घालण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून त्या टाकीत जावा मॉस आणि तरंगत्या वनस्पती मुरू द्याव्यात. मुरलेल्या मॉसमध्ये सूक्ष्म जीव सतत तयार होत असतात आणि तुम्ही झोपलेले असता तेव्हाही पिल्लांना काहीतरी मिळत राहते. माझी पहिली यशस्वी खेप खरे तर माझ्या विरजणापेक्षा अशा जुन्या, शेवाळलेल्या टाकीमुळे वाचली, असे मला आज वाटते.

आर्टेमियाकडे वळण्याची तारीख ठरवू नका. पोट पाहून ठरवा. सहाव्या-सातव्या दिवसापासून सकाळच्या एका वेळेला अगदी थोडा ताजा आर्टेमिया द्यावा आणि अर्ध्या तासाने भिंगातून पाहावे. काही पिल्लांची पोटे केशरी दिसू लागली की त्यांना तो मावतो आहे. पण सगळी पिल्ले एका मापाची नसतात, म्हणून शेवटच्या लहान पिल्लाचे पोट केशरी होईपर्यंत पॅरामेशियम बंद करू नये. हे दोन्ही खाद्ये एकत्र चालण्याचे चार-पाच दिवस अनेक जण गाळतात, आणि तिथे निम्मी पिल्ले जातात.

निळीरेघ

वरील उत्तराला एक छोटी पुरवणी. संशोधनासाठी झेब्राफिश पाळणाऱ्या प्रयोगशाळांमध्ये पिल्ले पाचव्या दिवसाच्या सुमारास खाऊ लागतात, तेव्हा त्यांना पॅरामेशियम किंवा रोटिफर दिला जातो. रोटिफर साधारण 0.1 ते 0.3 मिलिमीटरचा असतो आणि त्याने सूक्ष्म शैवाल खाल्ले असले तर त्याचे पोषणमूल्यही चांगले असते. तरीही एका जोडीसाठी घरी रोटिफर पाळण्याचा सल्ला मी देणार नाही. त्याला रोज शैवाल द्यावे लागते, रोज थोडे रोटिफर काढून घ्यावे लागतात, आणि दोन दिवस बाहेरगावी गेले की सारे कोसळते. पॅरामेशियम आठवडाभर दुर्लक्षित राहिला तरी रुसत नाही.

तळठाव

काचपेटी यांच्या बहुतेक म्हणण्याशी मी सहमत आहे, परंतु प्रश्नकर्त्यांना बेट्टाही लावायचा आहे आणि बरण्या कमी हव्या आहेत, हे लक्षात घेता माझी पहिली पसंती व्हिनेगर ईलला राहील. हा ईल मासा नव्हे. व्हिनेगरमध्ये वाढणारा सूत्रकृमी, म्हणजे धाग्यासारखा कृमी आहे. त्याची लांबी 1 ते 2 मिलिमीटर असली तरी जाडी केसाएवढीही नसते, त्यामुळे आर्टेमिया न मावणारे पिल्लूही तो दोऱ्यासारखा आत ओढून घेते. त्याचा खरा गुण असा की तो गोड्या पाण्यात काही दिवस जिवंत राहतो आणि तळाशी न जाता पाण्याच्या मधल्या व वरच्या थरांत वळवळत राहतो. मायक्रोवर्मने तुमची जी निराशा केली ती हा करणार नाही.

त्याची देखभाल जवळपास शून्य आहे. सफरचंदाचे व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात, त्यात सफरचंदाची एक फोड, तोंडाला फडके, एवढेच. महिनाभरात ते दाट होते आणि मग कित्येक महिने हात लावला नाही तरी चालते. काढण्याची रीत पॅरामेशियमसारखीच: लांब मानेची बाटली, कापसाचा बोळा, वर स्वच्छ पाणी, आणि रात्रभर वाट पाहणे. व्हिनेगर टाकीत जाऊ न देण्यासाठी हे आवश्यकच आहे. दोष एकच, तो म्हणजे संख्या हळूहळू वाढते आणि मोठ्या पिलावळीला पुरे पडत नाही, म्हणून एक लिटरच्या दोन बाटल्या तरी आधीपासून लावून ठेवाव्यात.

हनी गुरामीच्या अगदी पहिल्या दोन-तीन दिवसांसाठी मात्र पॅरामेशियमला पर्याय नाही, हे मी मान्य करतो. बेट्टाची पिल्ले तुलनेने थोडी दणकट असतात. ती व्हिनेगर ईलवर सुरुवात करतात आणि बहुधा चौथ्या-पाचव्या दिवशी ताजा आर्टेमिया धरू लागतात.

मायक्रोवर्मची बाजूही घेतो, कारण त्याच्यावर अन्याय होतो आहे. तो बुडतो हा त्याचा दोष पृष्ठभागावरच्या पिल्लांसाठी आहे. कोरिडोरास या माशाची पिल्ले तळाशीच चरतात, त्यांना त्याच्याइतके सोयीचे खाद्य नाही. ओट्सचा घट्ट लगदा, वर चिमूटभर यीस्ट आणि झाकणाला बारीक भोके, एवढ्यावर चार-पाच दिवसांत कृमी डब्याच्या भिंतीवर चढतात आणि बोटाने पुसून घेता येतात. तीन-चार आठवड्यांत डबा आंबून वास मारू लागतो, त्याआधी नवा डबा लावावा. मायक्रोवर्म खाणाऱ्या बेट्टाच्या पिल्लांना पोटाचे पंख येत नाहीत, असे मासे पाळणारे अनेक जण ठामपणे सांगतात. माझे मत वेगळे आहे. मी एकाच घरट्यातली पिल्ले दोन टाक्यांत वाटून दोन्हींना मायक्रोवर्म दिले होते. ज्या टाकीचा तळ मी रोज साफ केला तिथे पंख नीट आले, आणि ज्या टाकीत न खाल्लेले कृमी तळाशी मरून कुजत राहिले तिथे दोष दिसले. एका खेपेवरून सिद्धांत मांडू नये हे कळते, पण कृमीला शिक्षा देण्याआधी तळ तपासावा.

संथपाणी

तिघांचेही मनःपूर्वक आभार. माझी टाकी प्रत्येक वेळी नव्याने धुऊन, काचेसारखी स्वच्छ करून मी लावत होतो, आणि पिल्लांसाठी तीच मोठी उणीव होती हे वाचून थोडे हसू आले, थोडे वाईटही वाटले. पुढची खेप लावण्याआधी तीन आठवडे थांबतो. पॅरामेशियमची एक बरणी, तिची राखीव जोडी आणि व्हिनेगर ईलच्या दोन बाटल्या, एवढ्यावर सुरुवात करतो.

दोन शंका उरतात. एक, मी आर्टेमिया सकाळी काढून दिवसभर त्याच पाण्यातून थोडाथोडा देत असे. ते बरोबर आहे का? दोन, पिल्ले मोठी झाल्यावर डबक्यातून जाळीने गाळून आणलेला डॅफ्निया (पाण्यातला पिसू म्हणतात तो बारीक जीव) चालेल का? जवळच तो भरपूर दिसतो.

मीठपाणी

आर्टेमियाविषयी मी सांगतो, कारण गेली अनेक वर्षे माझ्या एंजलच्या पिल्लांचे सारे पोषण त्याच्यावरच चालले आहे. दिवसभर तेच पाणी वापरणे ही चूक लहान वाटते, पण परिणाम मोठा आहे. फुटल्यानंतर आर्टेमियाचे पिल्लू स्वतः काही खात नाही, अंगातल्या बलकावर जगते; तो केशरी रंग त्याचाच. साधारण आठ तासांत ते कात टाकते, त्याचा बलक संपत येतो, ते आकाराने वाढते आणि चपळ होते. म्हणजे संध्याकाळी तुमच्या लहान पिल्लांना सकाळपेक्षा मोठे, पकडायला अवघड आणि पोषणाने हलके भक्ष्य मिळते. शक्य असेल तर बारा तासांच्या अंतराने दोन बाटल्या लावाव्यात. ते जमत नसेल तर एकदाच काढलेला आर्टेमिया थोड्या मीठपाण्यात, पसरट भांड्यात, फ्रिजमध्ये ठेवावा; थंडीत त्याची वाढ मंदावते आणि बलक दिवसभर टिकतो.

उबवण्यासाठी मी लिटरला 25 ते 30 ग्रॅम मीठ, 26 ते 28 अंश तापमान, जोरदार हवा आणि उजेड एवढे पाळतो. पाणी किंचित अल्कधर्मी असावे. तुमचे पाणी मऊ असेल तर चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. अंडी चोवीस तासांत फुटली नाहीत तर बहुधा तापमान कमी असते किंवा अंड्यांना दमट हवा लागलेली असते. अंड्यांचा डबा घट्ट बंद करून थंड, कोरड्या जागी ठेवावा, आणि ओला चमचा त्यात कधीही घालू नये.

काढताना हवा बंद करून दहा मिनिटे थांबावे आणि बाटलीच्या खालच्या भागावर दिवा धरावा. रिकामी टरफले वर तरंगतात, जिवंत पिल्ले उजेडाकडे येतात आणि न फुटलेली अंडी अगदी तळाशी बसतात. म्हणून नळीने काढताना सर्वांत आधी येणारे तळाचे थोडे पाणी फेकून द्यावे आणि टरफलांचा थर नळीत येण्याआधी थांबावे. टरफले व न फुटलेली अंडी पिल्लांना पचत नाहीत आणि लहान पिल्लांच्या आतड्यात अडकू शकतात. शेवटी बारीक जाळीत गोड्या पाण्याने धुऊन घ्यावे. गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तासच जगतो, तेव्हा एका वेळी तेवढाच द्यावा जेवढा अर्ध्या-पाऊण तासात संपेल. टाकीत चार-दोन रॅमशॉर्न गोगलगायी असतील तर उरलेले त्या निस्तरतात. त्या पिल्लांच्या वाटेला जात नाहीत.

काचपेटी

डबक्यातल्या डॅफ्नियाबद्दल माझे उत्तर स्पष्टपणे ‘नको’ असे आहे, निदान पिल्लांच्या टाकीत तरी. जाळीत फक्त डॅफ्निया येत नाही. चतुराच्या अळ्या येतात, त्या पिल्लेच खातात. हायड्रा येतो, तो काचेला चिकटून बारीक पिल्लांना दंश करून ओढतो. सायक्लॉप्स हा बारीक कवचधारी जीव येतो, जो मोठ्या माशांचे खाद्य असला तरी नवजात पिल्लांना स्वतःच चावतो. शिवाय ज्या डबक्यात मासे आहेत तिथून परजीवी येण्याची शक्यता वेगळीच. नाल्यातल्या ट्युबिफेक्स या कृमीलाही हेच लागू आहे. तो घाणीतच वाढतो, आणि कितीही धुतला तरी लहान पिल्लांसाठी मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. हायड्रा, जाता जाता सांगतो, आर्टेमिया भरपूर पडणाऱ्या टाकीतही आपोआप फोफावतो, कारण तो एखाद्या झाडासोबत आधीच आलेला असतो आणि त्याला आयते जेवण मिळते. काचेवर पांढरे धागे दिसू लागले की खाद्याचे प्रमाण कमी करावे.

डॅफ्नियाऐवजी मोइना पाळावा. तो डॅफ्नियाचाच लहान भाऊ; डॅफ्निया मॅग्नाची पूर्ण वाढलेली मादी 5 मिलिमीटरपर्यंत जाते, ती तुमच्या पिल्लांना कित्येक आठवडे उपयोगाची नाही. मोइनाची नवजात पिल्ले मात्र आर्टेमियाच्या मापाची असतात आणि पूर्ण वाढ झाली तरी तो साधारण दीड मिलिमीटरच्या आत राहतो. तो उष्णता चांगली सोसतो, आणि आर्टेमियासारखा काही तासांत मरत नाही. खाल्ला जाईपर्यंत टाकीत पोहत राहतो. सकाळी घालून कामावर जाणाऱ्यासाठी याहून सोयीचे दुसरे काही नाही.

त्याला हिरवे पाणी (सूक्ष्म शैवालाने हिरवे झालेले) किंवा यीस्टचे अगदी पातळ द्रावण द्यावे. पाणी एका दिवसात निवळेल एवढेच. निवळले नाही तर दुसऱ्या दिवशी काही देऊ नये. मोइना अचानक कोसळतो, काल दाट असलेली बादली आज रिकामी असते, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा दोन चमचे जास्त यीस्ट हेच असते. म्हणून तो दोन भांड्यांत ठेवावा आणि दोन्ही भांड्यांना एकाच दिवशी खाद्य देऊ नये. पिल्ले तीन आठवड्यांची होईपर्यंत तुम्हाला तो लागणार नाही, तेव्हा आत्ता त्याची बरणी लावून घरच्यांची सहनशक्ती तपासण्याचे कारण नाही.